तिसरा रकाना

ती वही अजून माझ्याकडे आहे. दोनशे पानी, कापडी पाठीची. पहिल्या पानावर ह्यांच्या वळणदार अक्षरात दोन रकाने आखलेले आहेत. एकावर लिहिलंय 'तिकडे', दुसऱ्यावर 'इकडे'. तिकडे म्हणजे परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. इकडे म्हणजे वाशीचा तळमजल्यावरचा फ्लॅट, जिथे आम्ही ऐंशी सालाच्या आसपास एका दसऱ्याला राहायला आलो.

खोली आम्ही लगेच सोडली नव्हती. घरमालक ती परत घ्यायला आणि पागडीतला आमचा वाटा द्यायला तयार होता, आणि त्या पैशांत फ्लॅटचे बरेच हप्ते फिटले असते. पण मी अडून बसले. शेवटी असं ठरलं की एक वर्ष दोन्ही जागा ठेवायच्या आणि रोजचा खर्च दोन्हीकडचा लिहायचा. भाडं आणि हप्ता धरायचा नाही. ह्यांचं म्हणणं, हप्ता हा खर्च नव्हेच, ती मालकी. पुढच्या दसऱ्याला बेरीज करायची. वाशी स्वस्त निघाली तर खोली द्यायची, महाग निघाली तर फ्लॅट भाड्याने लावून परळला परत जायचं. खोली एकदा गेली की पुन्हा मिळणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तिकडचे भाव आणायची सोयही होती. हे दर शनिवारी ऑफिस सुटलं की परळला उतरायचे, खोली उघडून देवापाशी दिवा लावायचे आणि शेजारच्या काकूंकडून चिठ्ठी घेऊन यायचे. काकू त्यात दूध, भाजी, मासळी, रॉकेल, सगळ्याचे भाव लिहायच्या आणि खाली चाळीतल्या बातम्या.

वही मात्र माझ्या हाती दिली, कारण लग्नाआधी मी दोन वर्षं एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते आणि हिशेबात पक्की होते. ह्यांची चूक तिथेच झाली. मला परत जायचं होतं, आणि मी वही खोटी लिहायला लागले. पहिल्याच महिन्यात. इकडच्या कोथिंबिरीवर पाच पैसे जास्त, बोंबलावर चार आणे, असं थोडं थोडं. एकदम मोठा आकडा कोणीही पकडतं. दुकानात बसून मी तेवढं शिकले होते.

मला का जायचं होतं, हे आज वाशीत राहणाऱ्याला सांगून पटणार नाही. इमारतीत सोळा फ्लॅट होते आणि बिऱ्हाडं तीन. आम्ही, वरच्या मजल्यावर दोन नोकरदार भाऊ, आणि तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं, जे सकाळी सातला जायचं ते रात्री आठला उगवायचं. उरलेल्या तेरा दारांवर कुलपं. खिडक्यांच्या काचांवर रंगाऱ्यांनी मारलेल्या चुन्याच्या फुल्या तशाच होत्या. समोर रुंद रस्ता, त्याच्या कडेला दिवे, आणि रस्त्यावर माणूस नाही. संध्याकाळी ते दिवे आपोआप लागायचे. कुणासाठी लागतात, असं मनात यायचं आणि मी दार लावून घ्यायचे.

रात्रीचं मला काही वाटत नसे, हे घरी असायचे. भीती वाटायची ती भर दुपारची. चाळीत दुपार म्हणजे धान्य निवडणं, वेण्या, भांडणं, रेडिओ. इथे बारा वाजले की खाडीकडून वारा सुरू व्हायचा आणि जिन्यातून वर चढत एकेका बंद दाराशी थांबतोय असं वाटायचं. चार वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन मी पडायचे आणि डोळे मिटून मनातल्या मनात परळची खोली झाडायचे. आधी पलंगाखाली, मग कपाटाची फट, मग मोरीचा कोपरा, मग उंबरा. तेवढ्यात झोप लागायची.

दिवाळीत मी सवयीने चाळीपुरता फराळ केला. वाट्या भरल्या आणि मग लक्षात आलं, द्यायच्या कुणाला? दोन्ही बिऱ्हाडांना देऊनही वाट्या उरल्या, त्यात एक शंकरपाळ्यांची. आमच्या चाळीत नियम होता, मजल्यावरचं एकही दार वगळायचं नाही. अबोला असला तरी वाटी जायचीच. मला काय झालं कोण जाणे, पण त्या तिरीमिरीत मी ती वाटी समोरच्या बंद फ्लॅटच्या उंबऱ्यावर ठेवली आणि आत येऊन रडले.

संध्याकाळी दार उघडलं तर वाटी माझ्या उंबऱ्यावर होती. स्वच्छ घासलेली, ह्यांचं कोरलेलं नाव माझ्या बाजूला केलेलं. आणि काठोकाठ भरलेलं जाडं, करडं मीठ.

वाटी रिकामी परत करायची नाही, हे सगळे पाळतात. चाळीत साखरेचे चार दाणे का होईना, टाकून द्यायचे. पण मीठ कुणी देत नाही. आम्ही तर हातावरसुद्धा मीठ देत नाही, भांडण होतं म्हणतात. आणि उंबऱ्यावर ठेवलेलं मीठ म्हणजे तर बोलायलाच नको. फेकावं तर तेही करता येईना, कारण सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं असं आईने माझ्या मनात लहानपणापासून ठोकून बसवलेलं. शेवटी ते एका बरणीत भरून मोरीवरच्या फळीवर ठेवलं.

हे हसले. "अगं, वरच्या भावांनी गंमत केली असेल. मीठ फुकट मिळालं ना? मग लिही, इकडच्या रकान्यात शून्य."

मी शून्य लिहिलं. त्या महिन्यातली तेवढी एक नोंद खरी असावी.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा वाटी ठेवली. शिऱ्याची. शहाण्या बाईने कानाला खडा लावला असता, पण बघू तर खरं कोण आहे, असा माझा हट्ट. दारामागे कान लावून दोन तास उभी राहिले. पावलं वाजली नाहीत. मुलगी उठली म्हणून आत गेले, परत आले तर वाटी दारात, मिठाने भरलेली. मग ते दर आठवड्याचंच झालं. ह्यांना मी पुढचं सांगितलं नाही. खरं सांगू, मला भीती वाटायची आणि मी गुरुवारची वाटही बघायचे. त्या अख्ख्या इमारतीत माझ्या वाटीला उत्तर देणारं तेवढंच कोणीतरी होतं.

थंडीत समोरून आवाज यायला लागला. दुपारी, कुलूप लावलेल्या दाराआडून. झाडल्याचा. खरखर, थांबायचं, पुन्हा खरखर. मी मनात परळची खोली झाडत पडलेली असायचे, आणि मला कळेना की हा आवाज कानात येतोय की डोक्यातून. त्याच सुमाराला काकूंच्या चिठ्ठीत भावांच्या खाली एक ओळ आली. 'तुमच्या बंद खोलीतून दुपारी झाडल्यासारखा आवाज येतो. उंदीर झाले असतील, औषध ठेवा.' ह्यांनी पुढच्या शनिवारी खोली तपासली. उंदीर नव्हते. जमीन मात्र स्वच्छ होती, म्हणाले, महिनोन्महिने कुणी न झाडल्यासारखी वाटत नाही. मी ती चिठ्ठी चुलीत घातली असती, पण वाशीत चूल नव्हती. वहीत ठेवून दिली.

मग भिंती. तळमजल्याच्या भिंतींवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पांढरं काहीतरी फुलून आलं. लोणा. पुसला की दोन दिवसांत पुन्हा. एके सकाळी मुलगी भिंतीला तोंड लावून उभी दिसली. मी तिला ओढून काढलं, पाठीत एक धपाटाही घातला. ती रडली नाही. म्हणाली, "आई, आपलं घर खारट आहे."

आणि फेब्रुवारीत एका दुपारी जाग आली तर ती कुशीत नव्हती. मागचं दार उघडं. मी घरभर, जिन्यात, रस्त्यावर तिला हाका मारत पळाले. त्या मोकळ्या इमारतींतून माझीच हाक परत यायची, जरा उशिरा, जरा वेगळ्या आवाजात. पुन्हा घरात आले तर ती स्वयंपाकघरात बसलेली. दोन्ही तळवे पांढरे.

"कुठे होतीस?"

"समोरच्या आजीकडे."

"समोर कोणी राहत नाही."

"ती राहत नाही," मुलगी म्हणाली. "ती राखण करते."

त्या रात्री ह्यांनी, फ्लॅट बांधणाऱ्या सरकारी ऑफिसच्या नावे अर्ज लिहिला. समोरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये अनोळखी इसम शिरतात, मूल लहान आहे, तरी मागच्या बाजूला जाळी बसवावी. मी भेदरले होते, हे खरंच. पण अर्जाची एक प्रत मी वहीत ठेवून दिली तेव्हा माझ्या मनात काय होतं, तेही सांगायला हवं. आकडे कमी पडले तर दसऱ्याला हा कागद कामी येईल. मूल हरवण्याची भीती कोणत्याही बेरजेपेक्षा मोठी, आणि तिच्यापुढे हे नमलेच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपले नाही. मुलीला कडेवर घेतलं आणि मागच्या बाजूने समोरच्या फ्लॅटच्या गॅलरीशी गेले. गॅलरी कमरेएवढी, दाराची कडी आतून कधी बसवलेलीच नव्हती. आत एक म्हातारी जमिनीवर बसली होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातात शिराईची केरसुणी. ती भिंतीवरचा लोणा झटकत होती आणि खाली पडलेली पांढरी भुकटी झाडून खोलीच्या मधोमध आणत होती. तिथे वीतभर उंचीची, टोकदार, नीट थापलेली रास झाली होती. कोऱ्या टाइल्सवर.

तिने वर पाहिलं. "ये बाय. पोरीला निजव सावलीत."

मी आत गेले नाही. बाहेरूनच विचारलं, "मावशी, तुम्ही इथे काय करता?"

"बसतंय," ती म्हणाली. "माजी रास हितंच असाची. दुपारी समदी जेवाया जात, मंग राखनीला मीच."

ती शेजारच्या जुन्या गावातली. आमची इमारत, समोरचा रस्ता, ते आपोआप लागणारे दिवे, हे सगळं जिथे होतं तिथे तिच्या घरचं मिठागर होतं. भरतीचं पाणी घ्यायचं, वाफ्यांत सुकवायचं, मीठ ओढून रास करायची आणि गवताने शाकारून ठेवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून दुपारची राखण तिची. जमीन सरकारने घेतली, पैसे आले, दीरांत वाटले गेले, तिच्या वाट्याचे घराच्या कौलांत संपले. पण दुपार झाली की तिला घरात बसवेना. भिंती उभ्या राहिल्या तरी पाय तिला बरोबर त्याच जागी आणायचे.

"मला वाटीतलं मीठ भिंतीचं देता का?" मी विचारलं. एवढं ऐकल्यावर मला हेच सुचावं, असा माझा स्वभाव.

ती पहिल्यांदा हसली. "भितीचं मीठ खाया देईन व्हय? यो नुसता चाला हाय हाताला. तुला देतंय ते घरचा हाय, शेवटच्या राशीचा. रांजनात भरून ठेवलाय."

त्यानंतर मीही दुपारी तिथे बसायला लागले. ती भाकरी आणायची, मी भाजी. मुलगी राशीशेजारी झोपायची. भीती गेली असं नाही. बोलता बोलता ती मध्येच गप्प होऊन भिंतीकडे असं बघायची की तिला भिंत दिसतच नाहीये हे मला कळायचं, आणि मग मलाही क्षणभर समोर पाणी चकाकल्यासारखं दिसायचं. पण आता दोघी होतो.

एकदा मी वही घेऊन गेले होते. ती म्हणाली, "काय लिवतंस गो?"

"खर्च. तिकडे राहिलो तर किती आणि इकडे राहिलो तर किती."

तिने थोडा विचार केला. "मंग माजा पन लिव."

मी हसून तिसरा रकाना आखला. आगर होतं तेव्हा काय खर्च होता, ते ती सांगत गेली. तांदूळ घरचा. मासळी खाडीची. पाणी गावच्या विहिरीचं. सरपण खाडीकाठच्या तिवरांचं. मीठ? त्यावर तिने माझ्याकडे, मूल काहीतरी वेडंवाकडं बोललं की बघतात, तसं पाहिलं. "मीठ इकत घेतात व्हय? आमच्यान कुनी मीठ इकत घेतलाच नाय. मेली तरी घ्याची नाय मी."

मी पाचही नोंदींपुढे शून्य लिहिलं. शेजारी माझा खोटा रकाना होता. ती निरक्षर होती, तरी मी पान लवकर मिटलं.

अर्जाचं मी विसरले नव्हते. तो मागे घ्यायला ह्यांना सांगणं म्हणजे दसऱ्यासाठी राखलेला कागद फाडणं. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात, म्हणजे वर्ष जाणार, तोवर आपण परळला असू, असं मी स्वतःला सांगितलं. म्हातारी आपली दुपारी येत राहील. सगळ्यांचं भलं होईल.

सहा महिन्यांनी, श्रावणात, नेमकं दुपारी बारा वाजता माणसं आली. गॅलरीला लोखंडी जाळी ठोकली, आतली रास बुटाने पसरून टाकली, दाराला नवी कडी बसवली. म्हातारी भाकरीचं फडकं घेऊन आली तेव्हा शेवटचा खिळा चालला होता. ती जाळीशी उभी राहिली. तिच्या फडक्यात माझी वाटीही होती, त्या गुरुवारची.

"कोन बोलला तुमाला?" तिने विचारलं.

मुकादमाने कागद बघितला आणि माझ्या दाराकडे बोट केलं. "ह्या बाईंच्या मिस्टरांचा अर्ज आहे. पोराला भीती वाटते म्हणून."

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी काही बोलले असते. तिने माझ्या मुलीकडे पाहिलं. मुलगी 'आजी' म्हणून पुढे निघाली होती आणि मी तिचा हात धरून ठेवला होता. का धरला होता, मला आजही सांगता येणार नाही. म्हातारी आली तशी निघून गेली.

पुढचे चार दिवस दुपारी काहीही वाजलं नाही. मी पडून परळची खोली झाडायचा प्रयत्न केला, पण पलंगाखालच्या पुढे जाताच येईना.

पाचव्या दिवशी वाटी माझ्या उंबऱ्यावर होती. घासलेली, नाव माझ्या बाजूला, काठोकाठ भरलेली. मी ती उचलली आणि तिथेच खाली बसले. आतलं मीठ पांढरंशुभ्र होतं. बारीक, कोरडं, पिठासारखं. त्यात कुठेतरी कागदी पुड्याचा एक तुकडा चिकटून आला होता.

रांजण संपला होता. आणि वाटी रिकामी परत करायची नव्हती.

मी गावात गेले तिला शोधायला. विहिरीवर बायका होत्या. नाव काय तिचं, त्यांनी विचारलं, आणि मला नाव ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, मिठागरवाली आजी. एक जण म्हणाली, "हितं समद्याच मिटागरवाल्या. कुनाची सांगू?" त्या मोठ्याने हसल्या नाहीत. मी परत आले.

दसऱ्याला ह्यांनी बेरीज केली. सकाळी, आंघोळ करून, पाटावर बसून. वाशी महाग निघाली. ह्यांनी दोनदा आकडे तपासले, मग पेन खाली ठेवलं. चेहरा पडला होता, पण माणूस शब्दाचा पक्का. म्हणाले, "जिंकलीस तू. पुढच्या महिन्यात जाऊ परत."

वर्षभर हे वाक्य ऐकायला मी जीव टाकला होता. मी आत गेले, फळीवरची वाटी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"आकडे खोटे आहेत," मी म्हणाले. "पहिल्या महिन्यापासून. इकडचे सगळे मी वाढवले."

त्यांनी पहिल्या महिन्याचं पान उलटून बघितलं. मग म्हणाले, "आज का सांगतेस? गप्प बसली असतीस तर जात होतो."

मी वाटीकडे बोट केलं. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "हे दुकानातलं आहे."

"हो," मी म्हणाले, आणि त्यांना सगळं सांगितलं. अर्ज मागे घ्यायला मी का सुचवलं नाही, तेही. रडत नव्हते, पण आवाज माझा वाटत नव्हता.

खऱ्या आकड्यांनी वाशी स्वस्त निघाली, आणि खोली गेली. काकूंची शेवटची चिठ्ठी आली, तिच्यात भाव नव्हते. 'आता तुमच्या खोलीतून आवाज येत नाही,' एवढंच लिहिलं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये पुढे एक कुटुंब आलं, चांगली माणसं. दर दिवाळीला भिंती रंगवतात आणि दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे लोणा फुलतो, आमच्याकडेही. वाटी मी त्यांनाही देते.

त्या दसऱ्याच्या दुपारी मी वही पुन्हा उघडली. तिसऱ्या रकान्यात तोवर सगळी शून्यंच होती. त्यांच्या खाली मी लिहिलं, 'मीठ, विकत.' पुढे आकडा लिहायला तिला, काय भावाने आणलं, हे विचारावं लागलं असतं. ती जागा कोरी आहे.